तरंगते डोंगर : पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनातील चिकित्सक वृत्ती

मराठीतील बुद्धिवादी गद्याचा इतिहास सांगावयाचा झाल्यास लोकहितवादींच्या ‘शतपत्रां’पासून प्रारंभ करावयाचा, जोतीराव फुल्यांकडून गोपाळ गणेश आगरकरांच्या ‘सुधारका’पर्यंत यावयाचे, पुढे र. धों. कर्वे यांचा निर्देश करावयाचा व नरेंद्र दाभोलकरांपाशी थांबावयाचे, अशी एक वहिवाट पडून गेली आहे. ही नामावली चुकीची आहे असे नाही. तथापि तीत पंडिता रमाबाईंचे नाव सहसा आढळत नाही. त्यांचा विचार स्त्रीशिक्षणाच्या प्रकरणात होतो, अथवा धर्मांतराच्या वादात होतो. बुद्धिवादाच्या प्रकरणात त्यांस प्रवेश नसतो. हे वगळणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक लागते. दौंड तालुक्यातील या गावी रमाबाईंनी आपले ‘मुक्ति सदन’ वसविले व ५ एप्रिल १९२२ रोजी येथेच त्यांचे देहावसान झाले. केडगावच्या या वास्तव्यात, १९०७ साली, त्यांनी ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ हे छोटेखानी आत्मनिवेदन इंग्रजीत प्रसिद्ध केले. ग्रंथाचा हेतू उघड उघड धार्मिक आहे. आपणांस ख्रिस्ताची प्राप्ती कशी झाली, हे सांगण्यासाठी तो लिहिला आहे. म्हणूनच बुद्धिवादाचा अभ्यासक त्याकडे वळत नसावा. परंतु या ग्रंथाच्या पूर्वार्धात असा एक प्रसंग आहे की, तो आपल्या वैचारिक गद्याच्या कोणत्याही संग्रहात शोभून दिसावा.

प्रसंग तीर्थयात्रेतील आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत देशभर फिरत असे. एका पवित्र सरोवरात तरंगते डोंगर आहेत, यात्रेकरू निष्पाप असेल तर ते आपण होऊन काठाशी येतात व पापी असेल तर येत नाहीत, अशी तेथील ख्याती होती. पाण्यात उतरू नये, आत मगरी आहेत, असेही पुजारी बजावून सांगत. रमाबाईंचे बंधू श्रीनिवासशास्त्री यांनी पुजाऱ्यांची नजर चुकवून सरोवरात उडी घेतली व ते पोहत त्या डोंगरांपर्यंत गेले. ते डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेली दगडमाती असून तीवर झाडे लावलेली होती, व यात्रेकरूंनी पुरेशी दक्षिणा दिली म्हणजे आडोशाला राहून माणसे तो तराफा काठाकडे ढकलीत, असे त्यांना आढळून आले.

हा प्रसंग केवळ पुजाऱ्यांच्या लबाडीची कथा म्हणून वाचला तर त्यातील मर्म हाती लागत नाही. लबाडीच्या कथा आपल्या जुन्या वाङ्मयातही विपुल आहेत. येथे लक्षात घ्यावयाची ती त्या समजुतीची घडण. डोंगर काठाशी आले, तर दैवी सामर्थ्य सिद्ध झाले. न आले, तर यात्रेकरूचे पाप सिद्ध झाले. म्हणजे काहीही घडले तरी विधान खोटे ठरण्याची सोयच ठेवलेली नाही. प्रत्येक अपयशाचा भार भक्ताच्या माथी मारलेला आहे. त्यातूनही एखाद्याने शोध घेऊ म्हटले, तर मगरींचे भय उभेच आहे. समजूत, तिच्या अपयशाचा खुलासा व तपासाला बंदी, असा हा तीन पदरी कोट आहे. मांत्रिकाचा उपाय लागू पडला नाही की ‘पथ्य मोडले असेल’, नवस फळला नाही की ‘श्रद्धा कमी पडली असेल’, आणि खोदून विचारले की ‘असल्या गोष्टी विचारू नयेत’, ही आपल्या नित्य व्यवहारातील उत्तरे त्याच घडणीची आहेत, हे वाचकांच्या सहज ध्यानात येईल. श्रीनिवासशास्त्र्यांनी पुजाऱ्यांशी शास्त्रार्थ केला नाही, आणि तो करण्याइतकी विद्वत्ता त्या घरात निश्चित होती. त्यांनी पाण्यात उतरून पाहिले. ज्याला आपण वैज्ञानिक दृष्टी म्हणतो तिचे सार या एका कृतीत आले आहे.

याच निवेदनातील दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. १८७० नंतरच्या दशकात दुष्काळाने या कुटुंबाची वाताहत केली व आईवडील आणि थोरली बहीण थोड्याच महिन्यांच्या अंतराने मृत्यू पावली. शास्त्रांनी सांगितलेली व्रते, उपवास, दाने व यात्रा कुटुंबाने यथासांग केल्या होत्या. मुळात होता तो पैसा त्यातच संपला. फळ मात्र मिळाले नाही. तेव्हा भावंडांचा देवांवरील विश्वास हळूहळू ओसरू लागला, तरीही जातीचे नियम, पूजा व ग्रंथाध्ययन पूर्ववत चालू राहिले, असे रमाबाई सांगतात. श्रद्धा थंडावल्यामुळे लौकिक शिक्षण व प्रामाणिक उपजीविका यांकडे वळण्यास मन पूर्वीइतके कचरेना, हेही त्या नमूद करतात.

आत्मनिवेदनकार बहुधा आपले मतांतर एका क्षणात झाल्याचे दाखवितात. ते वाचावयास नाट्यपूर्ण वाटते, परंतु मनुष्यस्वभावाशी जुळत नाही. श्रद्धा जाते तरी आचार राहतो, आणि मग पोटापाण्याच्या धडपडीत आचाराची गाठही सैल होते, हे सूक्ष्म निरीक्षण येथे कोणताही अभिनिवेश न आणता आले आहे. आगरकरांच्या निबंधांशी तुलना केल्यास हा विशेष अधिक स्पष्ट होतो. आगरकर तत्त्वापासून आचाराकडे येतात. विवेकाचा निकष प्रथम मांडून ते एकेक रूढी त्यावर घासून पाहतात. रमाबाई आचारापासून तत्त्वाकडे जातात. त्यांच्यापाशी आगरकरांची तर्कशुद्ध झेप नाही, पण नवस फेडता फेडता रिकामे झालेले घर त्यांनी पाहिले आहे. पहिली पद्धत दुसरीहून श्रेष्ठ मानण्याचे कारण नाही. समाजात विचार मुरावयाचा तर दोहोंची गरज आहे.

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. जुन्या धर्मास लावलेली कसोटी रमाबाईंनी नव्या धर्मास लावली काय? या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरचा त्यांचा पत्रव्यवहार पाहिला असता, पहिल्या काही वर्षांपुरते तरी उत्तर होकारार्थी आहे. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांनी केवळ चर्च सांगते म्हणून मान्य केला नाही. क्रूसावर लॅटिन शब्द कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. भारतातील पुरोहितांच्या जोखडातून नुकतीच सुटलेली मान दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या जोखडाखाली देण्यास आपण सिद्ध नाही, असा त्यांचा स्पष्ट आशय होता. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केला व त्याचे संपादन अ. भि. शहा यांनी केले. इंडियन सेक्युलर सोसायटीच्या या संस्थापकास, एका निःसंदिग्ध बुद्धिवाद्यास, या श्रद्धाळू स्त्रीच्या पत्रांचे मोल कळले, ही गोष्ट आमच्या प्रतिपादनास पोषकच आहे.

उत्तराचा दुसरा भाग इतका अनुकूल नाही. १९०५ साली मुक्ति सदनात धार्मिक जागृतीची मोठी लाट उसळली. मुली रडत, आक्रोश करीत, आपल्या अंगात पवित्र आत्म्याचा अग्नी संचारल्याचे सांगत. रमाबाईंनी हे सर्व ईश्वरी कार्य म्हणून स्वीकारले. जिच्या भावाने सरोवरात उडी घेतली होती, तिने या सरोवराच्या काठावरच राहणे पसंत केले, असे म्हणणे भाग आहे. तरंगत्या डोंगरांची हकीकत यानंतर अवघ्या दोन वर्षांनी लिहिली गेली, म्हणून ही उणीव अधिकच जाणवते. समीक्षकाने ती झाकू नये.

परंतु या उणिवेसाठी त्यांस बुद्धिवादाच्या इतिहासातून वगळावयाचे, तर तोच दंडक सर्वांस लावावा लागेल. लोकहितवादी ईश्वर मानीत होते. जोतीराव ‘निर्मिक’ मानीत होते. त्यांस आपण या परंपरेत निःशंकपणे स्थान देतो, कारण त्यांची चिकित्सा आपण त्यांच्या ईश्वरविषयक मतापासून वेगळी करू शकतो. रमाबाईंच्या बाबतीत तसे होत नाही. त्यांची श्रद्धा परधर्मातील ठरली, एवढेच याचे कारण असेल, तर ते बुद्धिवादाचे कारण नव्हे. चिकित्सेच्या इतिहासकाराने स्वतःच चिकित्सा टाळावी, हे विपरीत होय.

नास्तिकता हा एक निष्कर्ष आहे, चिकित्सा ही एक सवय आहे. निष्कर्ष उसना घेता येतो, सवय घेता येत नाही. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणाऱ्या दाभोलकरांनी ईश्वर न मानण्याची अट कार्यकर्त्यांस घातली नाही. फसवणूक व शोषण करणाऱ्या दाव्यांची तपासणी, हेच त्यांनी कार्याचे क्षेत्र मानले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. १९७६ पासून वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे संविधानातील ५१-क या अनुच्छेदानुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही ठरले आहे. तपासणाऱ्याला द्यावी लागणारी किंमत पाहता, मगरींचे भय दर वेळी पोकळच असते असे म्हणता येत नाही.

म्हणूनच जेथे जेथे कोणी पाण्यात उतरून पाहिले, त्याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासाने ठेवली पाहिजे, मग तो पुढे कोणत्याही काठाला लागलेला असो. केडगावी लिहिलेली ही दोनचार पाने त्या दृष्टीने पुन्हा वाचली जावीत, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.