चुकांचे अंदाजपत्रक
'साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग' या ग्रंथाचे परीक्षण

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील लाखो संगणक जवळजवळ एकाच वेळी बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार हा आकडा ८५ लाखांच्या घरात होता. विमाने जमिनीवर खोळंबली, रुग्णालयांची कामे अडली, आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. हा कोणाचा हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेचे काम करणाऱ्या कंपनीने ग्राहकांच्या संगणकांवर एक लहानशी फाइल स्वयंचलित पद्धतीने पाठवली होती आणि ती घेताना संगणक कोसळत होते. फाइल मागे घेण्यास ७८ मिनिटे लागली. परंतु तोपर्यंत बंद पडलेल्या संगणकांपैकी बरेचसे माणसांना एकेक करून, हाताने दुरुस्त करावे लागले.

यंत्राने तासाभरात केलेला घोटाळा माणसांनी दिवसचे दिवस निस्तरावा, असे का होते? मग यंत्राकडे काम सोपवूच नये का? सोपवायचे तर कोणत्या नियमांनी? या प्रश्नांचा विचार करू लागले की 'साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग' या इंग्रजी ग्रंथाकडे वळावे लागते. गूगल कंपनीतील अनेक अभियंत्यांनी लिहिलेला आणि बेट्सी बेयर, ख्रिस जोन्स, जेनिफर पेटॉफ व नायल रिचर्ड मर्फी यांनी संपादित केलेला हा ग्रंथ ओरायली या प्रकाशनसंस्थेने २०१६ साली काढला. तो इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. संगणकतज्ज्ञांसाठी लिहिलेल्या या ग्रंथातील तीन-चार कल्पना कोणाही शिक्षकाने समजून घ्याव्यात अशा आहेत, आणि त्याच्या मर्यादाही तितक्याच बोधप्रद आहेत, म्हणून येथे त्याचा परामर्श घेत आहोत.

वेठ आणि तिच्यावरची मर्यादा

पूर्वी संगणक बनवणारे, त्यांचे प्रोग्रॅम लिहिणारे आणि ते चालते ठेवणारे असे वेगवेगळे गट असत. चालते ठेवणाऱ्यांचे काम म्हणजे पाहारा देणे, बंद पडलेला सर्व्हर पुन्हा सुरू करणे, जागा भरली की जुन्या फायली काढून टाकणे. बेन ट्रेनर स्लॉस यांनी २००३ मध्ये गूगलमध्ये हे काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडेच सोपवले. तेच तेच काम हाताने करण्याचा ज्याला कंटाळा आहे, तो ते यंत्राकडून करून घेण्याची युक्ती शोधेल, हा त्यामागचा सरळ हिशेब.

अशा कामाला ग्रंथात 'टॉइल' म्हटले आहे. आपण त्याला 'वेठ' म्हणू. हाताने करावे लागणारे, पुन्हा पुन्हा येणारे, यंत्राला जमण्यासारखे आणि केल्याने पुढे काहीच सुधारत नाही असे काम म्हणजे वेठ. तिचे सर्वांत घातक लक्षण हे की पसारा जितका वाढेल तितकीच तीही वाढते. सर्व्हर दसपट झाले की माणसेही दसपट लागतात. एकाच विद्यार्थ्याची तीच माहिती निरनिराळ्या तक्त्यांत भरणाऱ्या शिक्षकांना वेठीची व्याख्या वेगळी समजावून सांगायला नको! गूगलचा नियम असा की या अभियंत्यांचा निम्म्याहून अधिक वेळ अशा कामांत जाता कामा नये. उरलेला वेळ वेठ कमी करण्याच्या कामाला राखून ठेवायचा. मर्यादा आकड्यात सांगितली आहे, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. 'ताण कमी करू' असे नुसते म्हटल्याने तो कमी होत नसतो.

शंभर टक्के नकोच

ग्रंथातील सर्वांत सुंदर कल्पना आहे ती चुकांच्या अंदाजपत्रकाची. सेवा १०० टक्के वेळ चालू राहिली पाहिजे, असे कोणीही म्हणेल. लेखक म्हणतात, तसे उद्दिष्ट ठेवूच नका. वर्षाची मिनिटे ५,२५,६००. सेवा ९९.९ टक्के वेळ चालू ठेवायची ठरवली तर वर्षात सुमारे पावणेनऊ तास ती बंद राहिली तरी चालते. ९९.९९ टक्के म्हटले की फक्त साडेबावन्न मिनिटे उरतात. पुढचा प्रत्येक ९ आधीच्यापेक्षा कितीतरी महाग पडतो आणि वापरणाऱ्याला तो जाणवतही नाही, कारण तोवर त्याच्या घरची वीज किंवा टेलिफोनची तार त्याहून अधिक वेळा गेलेली असते.

मग या पावणेनऊ तासांचे करायचे काय? ते खर्च करायचे! नवा प्रोग्रॅम बसवताना धोका असतोच. शिल्लक मिनिटे असतील तोवर नवे प्रयोग चालू ठेवायचे. मिनिटे संपली की नवे काही बसवणे थांबवून दुरुस्तीकडे वळायचे. 'नवे हवे' म्हणणारे आणि 'आहे ते हलवू नका' म्हणणारे यांचे भांडण प्रत्येक संस्थेत असते. येथे ते ज्येष्ठतेने वा आवाजाच्या जोरावर सुटत नाही, आधी मान्य केलेल्या आकड्याने सुटते. कारभाराचा याहून स्वच्छ नियम क्वचितच पाहायला मिळतो.

याच विचारातून गूगलने केलेला एक प्रकार गमतीचा आहे. 'चबी' नावाची त्यांची एक अंतर्गत सेवा इतकी क्वचित बंद पडे की इतर विभाग ती कधीच बंद पडणार नाही असे धरून चालू लागले. तेव्हा एखाद्या तिमाहीत ती ठरल्यापेक्षा फारच चांगली चालली, तर अभियंते ती मुद्दाम थोडा वेळ बंद करू लागले. कोण तिच्यावर गैरवाजवी विसंबून आहे, ते मोठा प्रसंग येण्यापूर्वीच कळावे म्हणून.

रिक्त संच आणि सर्व काही

सातव्या प्रकरणात लेखकांनी स्वतःची एक फजिती प्रांजळपणे सांगितली आहे. बाद केलेल्या सर्व्हरच्या डिस्क पुसण्याचे काम एक प्रोग्रॅम करीत असे. एकदा त्याने एका मांडणीतील डिस्क पुसल्या, पण पुढची पायरी अडली. कारण शोधण्यासाठी तो पहिल्यापासून पुन्हा चालवला. आता पुसायचे काही उरले नव्हते, म्हणून यादी रिकामी आली आणि ती बरोबरच होती. परंतु रिकामी यादी म्हणजे 'सर्व' असा अर्थ त्या प्रणालीत ठरलेला होता. काही मिनिटांतच त्या विशिष्ट सेवेच्या जगभरातील जवळजवळ सगळ्या सर्व्हरच्या डिस्क पुसल्या गेल्या. रिक्त संच आणि विश्वसंच यांतील फरक शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

मात्र येथेच आमचा पहिला आक्षेप आहे. गूगलच्या मुख्य केंद्रांनी तो भार उचलला आणि वापरणाऱ्यांना फारसे काही जाणवले नाही. असे दुसरे केंद्र हाताशी नसलेल्यांचे काय? १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअरदलाल कंपनीत नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर बसवायचा होता. तंत्रज्ञाने तो सातांवर बसवला. आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना भाग जागा झाला आणि भराभर सौदे करीत सुटला. पाऊण तासात कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. आठ ठिकाणी हाताने करायचे काम यंत्राने केले असते तर ही चूक टळण्याचा संभव होता, म्हणजे स्वयंचलनाची बाजू येथे खरी ठरते. पण दुसऱ्या माणसाने ते काम तपासावे असा लेखी नियम तेथे नव्हता, आणि बाजार उघडण्यापूर्वी यंत्राने पाठवलेल्या ९७ इशारावजा ई-मेलकडे कोणी लक्ष दिले नाही. यंत्र आणि नियम यांपैकी एक असून भागत नाही.

पाहारेकऱ्याची विसंगती

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८३ मध्ये 'ऑटोमॅटिका' या नियतकालिकात स्वयंचलनातील विसंगतींवर एक छोटा निबंध लिहिला. कारखान्यांवर लिहिलेला तो निबंध संगणकांना आजही लागू पडतो. त्यांचे म्हणणे असे: माणूस चुकतो म्हणून अभिकल्पक त्याला बाजूला सारतो, पण जे यंत्राला जमत नाही, म्हणजे सर्वांत अवघड, ते त्याच माणसाकडे ठेवतो. एरवी तो नुसता बघत बसतो, त्यामुळे त्याचा हात मोडतो. आणि ज्या क्षणी त्याने हात घालायचा, तो क्षण नेमका सर्वांत बिकट असतो.

आपला ग्रंथ या धोक्याचा उल्लेख सातव्या प्रकरणाच्या अखेरीस थोडक्यात करतो. त्यावरचा उपाय, म्हणजे जुने बिघाड नाटकासारखे पुन्हा उभे करून नवख्यांना सराव देणे, अठ्ठाविसाव्या प्रकरणात आहे. रोग आणि औषध यांच्यामध्ये वीस प्रकरणांचे अंतर! अनेक हातांनी लिहिलेल्या ग्रंथाचा हा दोष आहे; पुनरुक्तीही त्यामुळेच झाली आहे.

तिसरा आक्षेप अंदाजपत्रकावरच आहे. मिनिटांत मोजलेल्या अंदाजपत्रकात सगळी मिनिटे सारख्याच मोलाची धरली जातात. परंतु निकालाचे संकेतस्थळ मे महिन्यातील मध्यरात्री तासभर बंद राहणे आणि निकालाच्या दुपारी तासभर बंद राहणे, हे एक नव्हे. सरासरी ९९.९ टक्के राहूनही ज्याला हवे त्याला हवे तेव्हा काहीच मिळाले नाही, असे होऊ शकते. शिवाय गूगलमध्ये आकडा ठरवणारे आणि पाळणारे एकाच छपराखाली आहेत. सार्वजनिक सेवांत तो कोण ठरवणार, आणि तो मोडला तर थांबा म्हणण्याचा अधिकार कोणाला, यावर ग्रंथ गप्प आहे. २०१८ च्या जोडग्रंथात इतर कंपन्यांचे अनुभव आले आहेत, पण हा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

तरीही ग्रंथ वाचावा असेच आम्ही सांगू. निदान तिसरे, पाचवे, सातवे आणि पंधरावे ही प्रकरणे वाचावीत. पंधराव्यात बिघाडानंतर दोषी माणूस न शोधता पद्धतीतील छिद्र शोधणारा अहवाल कसा लिहावा, ते सांगितले आहे. वर्गात मिनिटांचे गणित आणि रिक्त संचाची गोष्ट जरूर घ्यावी. मग मुलांना विचारावे, की यादी रिकामी आली तेव्हा यंत्राने काय करायला हवे होते? 'थांबून विचारायला हवे होते' असे उत्तर आले, तर स्वयंचलनाच्या कारभाराचा पहिला नियम त्यांनी स्वतःच मांडला असे समजावे.