दोन डोळे, बारा हात आणि एक बोट

'दो आँखें बारह हाथ' माझ्या पिढीने बहुतेक तुकड्यांमध्येच पाहिलाय. शाळेत रोज म्हटलेली त्यातली प्रार्थना, बैलाच्या झुंजीची यूट्यूबवरची क्लिप आणि त्या झुंजीच्या शूटिंगमध्ये व्ही. शांताराम यांच्या डोळ्याला इजा झाली होती ही ट्रिव्हिया. संपला सिनेमा. सलग पाहिला तर तो यापेक्षा बराच चांगला आहे, आणि बराच अस्वस्थ करणाराही.

सिनेमा हिंदी असला तरी घडण आपली आहे. दिग्दर्शन शांतारामांचं, पटकथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं. मूळ प्रयोगही इथलाच. औंध संस्थानात, आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' नावाची कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली होती. भिंत नाही, बेड्या नाहीत, शेती करा आणि कुटुंबासह राहा. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने हे झालं. सिनेमात जेलर आदिनाथ सहा खुनी माणसांना तुरुंगाबाहेर एका ओसाड जमिनीवर नेतो आणि राबवून तिथे मळा फुलवतो. १९५७ साली सिनेमा आला, पुढच्या वर्षी बर्लिनला त्याचं कौतुक झालं.

आता नावातलं गणित बघा. डोळे दोन, ते जेलरचे. हात बारा, ते कैद्यांचे. सहा माणसं आहेत म्हणजे डोकीही सहा असणार, पण ती मोजलेली नाहीत. पळून जायला निघालेल्या माणसांना आदिनाथचे डोळे आठवतात आणि ती परत फिरतात, हा सिनेमाचा कणा आहे. छायाचित्रण असं की ते डोळे आपल्यालाही सोडत नाहीत. बाजारात भाजी विकताना मार खाऊनही ही माणसं उलट हात उगारत नाहीत, कारण तसा शब्द दिलाय. कोणाला? आदिनाथला. म्हणजे माणूस सुधारला याचा पुरावा काय, तर जेलर समोर नसतानाही त्याची नजर आतमध्ये चालू राहिली. आजच्या भाषेत, सीसीटीव्ही मनात बसला.

या सहा जणांना सिनेमा काम देतो, भाजीचा बाजार देतो, खेळणी विकणाऱ्या चंपाची माया देतो. पण त्यांना कोणी काही विचारत नाही. तुमचं मत काय, असा प्रश्न सबंध सिनेमात त्यांच्या वाट्याला येत नाही. ज्या वर्षी हा सिनेमा आला त्याच वर्षी देशाची दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. शांतारामांनी मतदान केंद्राचा सीन घालायला हवा होता असं मी म्हणत नाही. तसली टीका बालिश असते. माझा मुद्दा असा की सुटलेल्या कैद्याकडे बघायची आपली जी सवय आहे, ती या सिनेमाने घडवली नसेल, पण इतकी सुंदर करून ठेवली की तिच्यावर शंका घ्यायलाही अपराधी वाटतं. आपण एकच विचारतो, 'सुधारला का?'

आणि इथे एक गंमत आहे. आपला निवडणूक कायदा रूक्ष, इंग्रजी वळणाचा, कलमा-पोटकलमांचा. तो मात्र हा प्रश्न विचारत नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ६२, पोटकलम ५. माणूस तुरुंगात बंदिस्त असेल किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात असेल, तर त्याला मतदान करता येणार नाही. बस. गुन्हा कोणता, किती वर्षं काढली, पश्चात्ताप झाला का, यातलं काही नाही. मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला ही अट लगेच दिसली. कायदा माणसाची हिस्टरी तपासत नाही, फक्त आत्ताची स्टेट तपासतो. आत आहेस? मत नाही. बाहेर आहेस? आहे. जन्मठेप भोगून आलेला माणूस दुपारी गेटबाहेर पडला, यादीत त्याचं नाव असेल आणि त्या दिवशी मतदान असेल, तर तो संध्याकाळी मत देऊ शकतो. हक्क 'परत मिळवण्यासाठी' अर्ज नाही, कारण परत देण्याचं प्रकरणच नाही. (बोगस मतदान, लाच अशा निवडणुकीतल्याच काही गुन्ह्यांत शिक्षा झाली तर सहा वर्षं मत जातं, तेवढा अपवाद.)

अमेरिकेत अनेक राज्यांत उलट आहे. तिथे शिक्षा हा कायमचा फ्लॅग होऊन बसू शकतो. फ्लोरिडात २०१८ मध्ये जवळपास ६५ टक्के मतदारांनी कौल दिला की खून आणि लैंगिक गुन्हे सोडून इतरांना शिक्षा पूर्ण झाल्यावर मत परत द्या. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने जोडलं की आधी कोर्टाचा दंड आणि फिया भरा. २०२० मध्ये अपील कोर्टाने ते मान्य केलं. आपल्या रील्समध्ये आणि वेब सिरीजमध्ये ही अमेरिका इतकी झिरपलीय की अनेकांना वाटतं, इथेही 'जेलमध्ये जाऊन आलेल्याला मत नसतं.'

माझं गाव जिते, पेण तालुका. हमरापूर, जोहे, जिते हा सगळा गणपतीच्या कारखान्यांचा पट्टा. मूर्तींचं रंगकाम करणारे आमच्या ओळखीतले एक काका मारामारीच्या एका केसमध्ये काही महिने कच्चे कैदी होते, मग जामिनावर सुटले, पुढे निर्दोषही ठरले. ७ मे २०२४ ला रायगड लोकसभेचं मतदान झालं तेव्हा ते केंद्रावर गेले नाहीत. 'आपलं नाव कापलं असंल ना आता,' म्हणाले. मी मोबाइलवर यादी उघडून दाखवली. नाव होतं, वडिलांच्या नावासकट, भाग आणि अनुक्रमांकासकट. काकांनी स्क्रीन दोन बोटांनी मोठी करून बघितली, पुन्हा बघितली. त्यांचं मत कोणीच काढून घेतलं नव्हतं. त्यांनी ते स्वतःच, शरमेने, सोडून दिलं होतं. नोव्हेंबरात विधानसभेला ते गेले. कोणाला दिलं हे मी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

मला हा सिनेमा खटकतो तो इथे. मतदान केंद्रातला तो पुठ्ठ्याचा आडोसा आठवा. शाळेच्या वर्गात, टेबलावर, तीन बाजूंनी झाकलेला. तिथे पोलीस बघत नाही, सरपंच बघत नाही, बायको-नवरा बघत नाही. आदिनाथचे डोळेसुद्धा तिथे पोचत नाहीत. शांतारामांच्या मळ्यात माणसावर विश्वास ठेवला जातो तो नजरेखाली. त्या आडोशामागे राज्यसंस्था विश्वास ठेवते ती नजर काढून घेऊन, आणि तिथे येण्याआधी सुधारल्याचं सर्टिफिकेट मागत नाही. 'नागरिक' या शब्दाला जो काही अर्थ आहे, तो मला मळ्यापेक्षा त्या पुठ्ठ्यामागे जास्त दिसतो.

पण कायद्याची स्तुती इथेच थांबवावी लागते. त्याच पोटकलमात एक शब्द आहे: 'अन्यथा'. माणूस शिक्षेखाली आत असो वा अन्यथा, मत नाही. या एका शब्दात सगळे कच्चे कैदी बसवले आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. चारातल्या तिघांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अनुकुल चंद्र प्रधान खटल्यात हे कलम वैध ठरवलं. निकाल छोटा आहे, जरूर वाचा. कारणं साधारण अशी: कैद्यांच्या मतदानासाठी पोलीस आणि व्यवस्था कुठून आणणार, जो स्वतःच्या वर्तनामुळे आत आहे तो बाहेरच्यांइतकं स्वातंत्र्य मागू शकत नाही, आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना निवडणुकीपासून दूर ठेवायला हवं. यातलं 'स्वतःच्या वर्तनामुळे' मला पटत नाही. कच्च्या कैद्याचं वर्तन काय होतं, हेच तर कोर्टाला अजून ठरवायचंय. व्यवस्थेच्या कारणात दम असता, तर प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्या माणसाला पोस्टाने मत देता आलं नसतं. त्याला देता येतं, तसा अपवाद त्याच कलमात आहे.

परिणाम काय होतो ते बघा. शिक्षा झालेला, पण अपिलात जामीन मिळालेला माणूस मत देतो. शिक्षा न झालेला, पण जामीनदार न मिळालेला माणूस देत नाही. अलिबागला हिराकोटात बसलेल्या गरिबाचं मत ठरतं ते गुन्ह्यावर नाही, सातबारा घेऊन कोर्टात उभा राहणारा कोणी नातेवाईक आहे का यावर. फ्लोरिडाच्या दंडाला हसण्याआधी एवढं लक्षात ठेवू.

मोठ्या लोकांनाही हे कलम लागलंय, तेव्हा मात्र त्याची बातमी झाली. जून २०२२ मध्ये अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत मतदानासाठी सोडायला कोर्टांनी याच कलमावर बोट ठेवून नकार दिला. टीव्हीवर चार दिवस मतांची बेरीज-वजाबाकी चालली. राज्यातल्या तुरुंगांत मत नसलेली हजारो माणसं आहेत, हे त्या बेरजेत कुठेच आलं नाही.

२०१३ ची गोष्ट तर आणखी गमतीची. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ज्याला आत असताना मत देता येत नाही तो मतदार नाही, आणि मतदार नाही तो उमेदवारही नाही. सगळे पक्ष दचकले. काही महिन्यांत संसदेने दुरुस्ती केली: आत असल्यामुळे मतदानाला मनाई असली तरी यादीत नाव असलेला माणूस मतदार राहतो. आज तुरुंगातला माणूस निवडणूक लढवू शकतो, जिंकू शकतो, पण स्वतःला मत देऊ शकत नाही. दुरुस्ती नेत्यांसाठी झाली हे उघड आहे. पण तिच्याच आडोशाला आमच्या काकांसारख्यांचं नाव यादीत टिकतं, आणि ते मला कमी वाटत नाही.

टिकतं, पण कागदावर. तुरुंग हा 'सामान्य निवासाचा पत्ता' मानत नाहीत, म्हणजे जित्याचा माणूस अलिबागला वा तळोजाला आत असला तरी तो मतदार जित्याचाच. अडचण होते ती घरच्या ओट्यावर. यादी तपासायला कोणी आलं की घरातली माणसं लाजेने खरं सांगत नाहीत. 'तो इथं नसतो आता,' म्हणतात. समोरचा लिहितो, स्थलांतरित. पुढे त्या शेऱ्यावरून नाव गेलं तर त्यात कलम ६२ चा काही संबंध नसतो. अशा घरात कोणी तुमच्या ओळखीचं असेल तर त्यांना सांगा, तो परत येणार आहे असं स्पष्ट म्हणा. आणि नाव गेलंच असेल तर सुटून आल्यावर फॉर्म ६ भरा. त्यात जन्मतारीख विचारतात, पत्ता विचारतात, घरातल्या एका मतदाराचं नाव विचारतात. तुरुंगाचा रकाना त्यात नाही.