शुद्धीकरणाची किंमत : म्हसा यात्रेतील तमाशा आणि इंडोनेशियातील दांगदुत

प्रास्ताविक

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्यांची खरेदी यांच्याबरोबरच तमाशाचे तंबू हे या यात्रेचे जुने आकर्षण आहे. शहापूर-मुरबाड परिसरातील शेतकरी व आदिवासी समाज हा तेथील मुख्य प्रेक्षक. कल्याण-नगर रस्त्याने माळशेज घाट चढला की जुन्नर तालुका लागतो आणि तमाशाची पंढरी मानले गेलेले नारायणगाव याच तालुक्यात आहे. या भागाचे तमाशाशी असलेले नाते असे शेजाराचे आहे.

अभ्यासकांनी मात्र यात्रेतील तमाशाला बहुधा दोनच प्रश्न विचारले : तो अस्सल किती उरला आणि अश्लील किती झाला? इंडोनेशियातील दांगदुत या लोकप्रिय संगीतप्रकाराशी तुलना केली असता हे दोन्ही प्रश्न अपुरे ठरतात, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकराचे स्वरूप

गण, गवळण, बतावणी आणि वग हा ढोलकी फडाच्या तमाशाचा परिचित क्रम. रंगबाजीत हिंदी-मराठी चित्रपटगीते शिरली, ढोलकीशेजारी कीबोर्ड आला, तेव्हा तमाशा बिघडला असा निर्वाळा देण्यात आला. दांगदुतच्या बाबतीत असा निर्वाळा देताच येत नाही, कारण त्याची घडणच संकरातून झाली आहे. मलाय वाद्यवृंद, अरबी सुरावट आणि १९५० च्या दशकात इंडोनेशियात लोकप्रिय झालेली हिंदी चित्रपटगीते यांतून तो आकाराला आला. त्याचे नावही तालवाद्याच्या ‘दांग’ आणि ‘दुत’ या बोलांवरून पडले आहे. म्हशाच्या तंबूत जे संगीत ‘प्रदूषण’ ठरते, त्याच संगीताने जाव्हात एका नव्या कलाप्रकाराला जन्म दिला. लोकप्रिय कला उसनवारीवरच जगते. उसने घेतलेले ती कसे पचविते, हा समीक्षेचा प्रश्न असावयास हवा.

दोन्हींतील प्रेक्षकाचा व्यवहारही मिळताजुळता आहे. तमाशातील दौलतजादा आणि दांगदुतमधील सावेरान या दोन्ही प्रथांत प्रेक्षक कलावंताला थेट पैसे देतो. रसिकतेचा आणि सत्तेचा हा एकत्रित व्यवहार आहे. त्यातून कलावंत स्त्रीला मिळकत होते आणि अवमानही तेथूनच सुरू होतो.

शुद्धीकरणाचे मार्ग

१९७० च्या दशकात रोमा इरामा या गायकाने दांगदुतला इलेक्ट्रिक गिटारची आक्रमकता आणि इस्लामी नीतिबोध यांची जोड दिली. झोपडपट्टीचे गाणे म्हणून हिणवला गेलेला प्रकार त्यामुळे देशव्यापी झाला. महाराष्ट्रातही १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठविली. त्यानंतर ‘लोकनाट्य’ या नावाने तमाशाचे एक रूप मध्यमवर्गीय रंगमंचावर स्थिरावले. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याचे वाङ्मयीन मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु वगाला आणि विनोदाला अशी प्रतिष्ठा मिळाली, तरी फडात नाचणाऱ्या स्त्रीचे सामाजिक स्थान बदलले नाही. शुद्धीकरणाने कलेला वर नेले, कलावंताला मागेच ठेवले.

आक्षेपाचे लक्ष्य

पूर्व जाव्हातील पासुरुआनची इनुल दारातिस्ता ही गायिका गावोगावच्या मंचांवरून आणि चोरट्या व्हीसीडींमधून प्रसिद्धीस आली. २००३ मध्ये तिच्या नृत्यावरून वादळ उठले. तिच्यावर कठोर टीका करणाऱ्यांत स्वतः रोमा इरामा होते, तर माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी तिची बाजू घेतली. महाराष्ट्रात २०२२-२३ मध्ये गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवर आक्षेप घेणाऱ्यांतही लावणी कलावंत होते. प्रतिष्ठा कष्टाने मिळविलेल्यांना ती गमावण्याचे भय अधिक असते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. म्हणून या आक्षेपांना केवळ मत्सर म्हणणे अन्यायाचे होईल.

तथापि अश्लीलतेचा निकष सर्वांना सारखा लावला जात नाही. २००५ मध्ये राज्य शासनाने डान्सबारवर बंदी आणली, तेव्हा तारांकित हॉटेलांना त्यातून वगळले होते. ही बंदी उच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. शर्मिला रेगे यांनी लावणीच्या संदर्भात जात आणि स्त्रीश्रम यांचा संबंध पुढे आणला. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांवर मारला जाणारा ‘अश्लील’ हा शिक्का जातिव्यवस्थेशी जोडून दाखविला. नाच कोणता, यापेक्षा नाचणारी कोण आणि पाहणारा कोण, यांवर निकाल ठरतो, असे यावरून म्हणता येते.

समारोप

इनुलच्या वादानंतर १५ वर्षांनी, २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेचे अधिकृत गीत व्हिया वालेन या दांगदुत गायिकेने गायले. ज्या द्रुत, ग्रामीण ‘कोप्लो’ शैलीतून इनुल पुढे आली, तीच शैली व्हियाचीही ओळख होती. अभिरुचीचे निवाडे किती अल्पजीवी असतात, याचा हा पुरावा होय. त्या निवाड्यांची किंमत मात्र ज्यांनी मोजली, त्यांना ती परत मिळत नाही.

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) चित्रपटगीतांचा शिरकाव हा तमाशाच्या ऱ्हासाचा स्वतंत्र पुरावा मानता येत नाही.

२) कलाप्रकाराची प्रतिष्ठा आणि कलावंताची प्रतिष्ठा या भिन्न गोष्टी असून त्यांचे मूल्यमापन वेगवेगळे करावे लागते.

३) महाविद्यालयीन अभ्यासक्रमात लोकसाहित्य शिकविताना वगाच्या संहितेबरोबर फडाचे अर्थकारण, दौलतजादा आणि प्रत्यक्ष प्रेक्षक यांचाही विचार व्हावयास हवा. शहापूर-मुरबाडमधील विद्यार्थ्यांना या अभ्यासासाठी दूर जाण्याची गरज नाही. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरची माणसे म्हशाच्या तंबूत बसलेली आहेत, आणि त्यांनी तेथे काय पाहिले, हे अभ्यासकांनी अद्याप पुरेसे विचारलेले नाही.