कादंबरीलेखनातील कोंडी आणि आराखडा : स्टाइनबेक यांच्या रोजनिशीच्या संदर्भात

बीजशब्द : लेखनकोंडी, आराखडा, अभ्यास, रोजनिशी

प्रस्तावना

कादंबरी मध्येच अडली की तिचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधले जाते. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिन्हींचा काव्यहेतू म्हणून एकत्रित विचार केला. अध्यापनात मात्र आपण बहुधा शक्तीपाशीच थांबतो. परिणामी लिहू पाहणारा विद्यार्थी पहिल्या अडथळ्यालाच आपल्या कुवतीचा निवाडा समजतो. या समजुतीची तपासणी करण्यासाठी जॉन स्टाइनबेक यांची रोजनिशी उपयुक्त ठरते. 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' (१९३९) लिहिताना त्यांनी ती ठेवली होती. रॉबर्ट डिमॉट यांनी संपादित केलेली ही रोजनिशी १९८९ मध्ये 'वर्किंग डेज' या नावाने प्रसिद्ध झाली.

कोंडीचे मूळ

कॅलिफोर्नियातील स्थलांतरित शेतमजुरांवर स्टाइनबेक यांनी ऑक्टोबर १९३६ मध्ये वृत्तपत्रीय लेखमाला लिहिली होती. छावणी-व्यवस्थापक टॉम कॉलिन्स यांचे अहवालही त्यांच्या हाती होते. म्हणजे सामग्रीची वाण नव्हती. तरीही या विषयावरील आधीचा एक प्रयत्न त्यांनी मे १९३८ मध्ये नष्ट केला. तो बागायतदारांवरील कडवट उपहास होता. उपहासात प्रतिपक्ष उठून दिसतो, पण ज्यांच्यासाठी लिहायचे ती माणसे हरवतात. येथे कोंडी शब्दांची नव्हती. आशय आणि लेखकाची भूमिका यांच्यातील विसंगतीची होती. अशा वेळी अडणे हा दोष नसून लेखकाच्या विवेकाने दिलेला इशारा होय.

आराखडा आणि अभ्यास

मे महिन्याच्या अखेरीस नवे लेखन सुरू झाले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस संपले. दिवसाला सुमारे दोन हजार शब्द हा त्यांचा संकल्प होता. रोजनिशीतील नोंदी मात्र सरळ रेषेत जात नाहीत. शेजारचा गोंगाट, पत्नीचे आजारपण, प्रकाशनसंस्थेचे दिवाळे, आपण लेखकच नाही ही शंका, असे सारे तेथे येते. ही शंका रोजनिशीत नोंदवून ते कादंबरीकडे वळतात. मनाचा गाळ एका वहीत उतरल्यामुळे दुसरी वही मोकळी राहते, असे म्हणता येईल.

आराखड्याचे स्वरूपही लक्षणीय आहे. जूनअखेरच्या नोंदीनुसार शेवटचा प्रसंग त्यांच्या मनात निश्चित झाला होता. दिशा ठरलेली असल्याने रोजच्या लेखनाला मोकळीक मिळाली. कादंबरीच्या ३० प्रकरणांपैकी १६ प्रकरणे जोड कुटुंबाच्या कथेबाहेरची आहेत. त्यांत दुष्काळ, बँका, महामार्ग आणि समूहाचे जगणे येते. एका कुटुंबाच्या कथेत न मावणारा आशय या रचनेने सामावून घेतला. रूप सापडले तेव्हा कोंडी फुटली.

मर्यादा

तथापि या रोजनिशीतून केवळ शिस्तीचा धडा घेणे एकांगी ठरेल. हस्तलिखित टंकित करणे, शीर्षक सुचवणे आणि घराचा व्याप सांभाळणे ही कामे पत्नी कॅरल यांनी केली. अर्पणपत्रिकेत त्यांचा आणि कॉलिन्स यांचा उल्लेख आहे. ज्याला, विशेषतः जिला, असा आधार नाही, तिच्या न लिहिण्याला 'कोंडी' म्हणणे हा अन्याय होय. तेथे वेळच हिरावलेला असतो.

निष्कर्ष

लेखनकोंडी ही एकच व्याधी नाही. भूमिका चुकली असेल तर मजकूर सोडून देण्याचे धैर्य हवे; रूप सापडत नसेल तर आराखड्याची पुनर्रचना हवी; भीती असेल तर रोजचा मर्यादित संकल्प हवा; आणि वेळ नसेल तर उपाय लेखकाच्या वहीबाहेर शोधावा लागतो. सर्जनशील लेखनाच्या अध्यापनात पूर्ण झालेल्या कलाकृतींइतकेच टाकून दिलेल्या खर्ड्यांनाही स्थान मिळाले, तर 'मला जमत नाही' या विद्यार्थ्याच्या वाक्याचा अर्थ आपल्याला अधिक जबाबदारीने लावता येईल.