बीथोवनच्या खुर्चीत बसून

बीथोवन बहिरा होता, ही गोष्ट आपल्याला चमत्कार म्हणून सांगितली जाते. कान गेले, पण संगीत डोक्यात वाजतच होतं, वगैरे. टॉम बेगिन या बेल्जियन पियानोवादकाचा २०१७ सालचा ‘इनसाइड द हिअरिंग मशीन’ हा अल्बम ऐकल्यापासून मला ती गोष्ट अर्धवट वाटायला लागली आहे.

लंडनच्या ब्रॉडवुड कंपनीने भेट दिलेला पियानो १८१८ मध्ये बीथोवनकडे पोचला. १८२० मध्ये व्हिएन्नातल्या स्टाइन नावाच्या पियानो बनवणाऱ्याने त्यावर बसवायला धातूच्या पत्र्याचं कवच केलं. तारांचा आवाज खोलीभर पांगण्याआधी ते तो वाजवणाऱ्याच्या डोक्याकडे वळवायचं. वीज नाही, माइक नाही, नुसता पत्र्याचा आडोसा. बेगिनने तो पियानो आणि ते कवच नव्याने घडवून घेतलं आणि त्यावर १८२० ते १८२२ या काळातले शेवटचे तीन पियानो सोनाटा (ओपस १०९, ११०, १११) वाजवले.

आवाज नुसता वाढत नाही, त्याचा पोत बदलतो. खर्ज घुमतो, एक स्वर विझायच्या आत दुसरा त्यात मिसळतो. ओपस १११च्या शेवटी जी लांबलचक थरथर येते, ती आजच्या मोठ्या पियानोवर दूरच्या चांदण्यासारखी वाटते. इथे ती अंगावर येते. ज्याला स्वर निसटताना दिसतोय, तो माणूस तार अशीच हलती ठेवेल, असं मला वाटून गेलं.

तरी एक तक्रार आहे. बहिरेपण म्हणजे कमी केलेला व्हॉल्यूम नव्हे. १८०१ मधल्या एका पत्रात बीथोवननेच लिहिलंय, की दुरून वाद्यांचे वरचे स्वर ऐकू येत नाहीत, आणि कुणी ओरडलं तर तेही सहन होत नाही. पत्रा आवाज गोळा करतो, कान दुरुस्त करत नाही. त्यामुळे आपण फार तर त्या यंत्राच्या आत शिरतो, त्याच्या कानात नाही. अल्बमचं देखणेपण हा फरक विसरायला लावतं.

पण चमत्काराच्या गोष्टीत न सापडणारा माणूस इथे सापडतो. जे थोडंफार ऐकू येतं ते हातचं जाऊ नये, म्हणून कारागिराकडून पत्रा वाकवून घेणारा आणि त्याखाली डोकं घालून वाजवणारा.

ऐकणार असाल तर इअरफोन लावा, फोनच्या स्पीकरवर खर्ज पोचत नाही. सुरुवात ओपस १०९पासून करा.