वैमानिक कुठंय?

मामाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत गेल्या पावसाळ्यात एक स्पिटफायर सापडलं. प्लास्टिकचं, जोडायचं मॉडेल. १/७२ प्रमाणातलं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचं. पंख पसरून जेमतेम १५ सेंटिमीटर. साचा साठच्या दशकातला, ब्रिटिश. मामानं कॉलेजात असताना फक्त वैमानिक रंगवला होता. बाकी सगळे भाग तसेच चौकटीला लटकलेले.

"तूच कर आता पुरं," मामा म्हणाला.

पुरं करणं म्हणजे नेमकं काय, यावर मी चार महिने अडकले. जुन्या किटला 'अपग्रेड' करणं ही मॉडेलवाल्यांची आवडती कसरत आहे. किटमध्ये जे नाही ते प्लास्टिकच्या पत्र्यातून, तारेतून, चांदीच्या कागदातून स्वतः घडवायचं. मला वाटतं, ही समीक्षाच आहे. मूळ संहितेत काय चुकलं, काय सुटलं, हे इथं कटरनं लिहायचं असतं. म्हणून तिला निकषही समीक्षेचेच लावायला हवेत.

पहिला निकष: कृती कोणासाठी होती? एअरफिक्सनं आपलं पहिलं स्पिटफायर पन्नासच्या दशकात आणलं, तेव्हा ते दोन शिलिंगांना, प्लास्टिकच्या पिशवीत, वुलवर्थच्या दुकानांत मिळायचं. मुलांनी सुट्टीच्या दुपारी जोडायचं आणि दोऱ्यानं छताला टांगायचं. पुढची कित्येक किट याच हिशेबानं बनली. माझ्या किटमधलं कॉकपिट तर निव्वळ खड्डा आहे. दोन्ही भिंतींतून दोन खुंट्या येतात, त्यांवर वैमानिक टेकवायचा, झालं. याला आळस म्हणणं सोपं आहे. पण ते विमान खालून, लांबून बघायचं होतं. आपण ते मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्यातून बघतो आणि नावं ठेवतो.

दुसरा निकष: चूक आहे तरी कुठली? या किटवर सगळीकडे रिव्हेटचे फुगीर ठिपके आहेत. एक ठिपका साधारण ०.३ मिलिमीटरचा. त्याला ७२नं गुणा: २१.६ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या विमानावर आजच्या रुपयाएवढी नाणी ओळीनं चिकटवल्यासारखं. मॉडेलवाले हे ठिपके पॉलिश पेपरनं सरसकट घासून टाकतात. मीही घासायला बसले होते.

मग एक गोष्ट आठवली. रिव्हेट पत्र्यात सपाट बसवणं वेळखाऊ आणि महाग. ते कुठं खरंच गरजेचं आहे, हे शोधायला स्पिटफायरच्या अभियंत्यांनी एका विमानाच्या सपाट रिव्हेटांवर चक्क वाटाण्याची डाळ चिकटवून ते उडवलं. वेग ताशी वीसेक मैलांनी घटला. मग थोडी थोडी डाळ काढत चाचण्या घेतल्या. निष्कर्ष: पंखांवर सपाट हवेत, धडाच्या मागच्या भागावर फुगीर चालतील.

म्हणजे माझं किट अर्धं चूक होतं आणि अर्धं बरोबर. पंखांवरचे ठिपके मी घासले. मागच्या धडावरचे हलकेच उतरवले, पण ठेवले. सगळं गुळगुळीत केलं असतं, तर फोटो छान आला असता आणि डाळीची गोष्ट पुसली गेली असती.

मग कॉकपिट. बाजारात पितळी पत्र्याचे तयार संच मिळतात, पण मी मेणबत्ती घेतली. चौकटीचं प्लास्टिक गरम करून ओढलं की केसासारखी तार निघते. मेलेल्या चार्जरमधलं तांबं, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. स्टिकच्या टोकाला कडी, डावीकडे थ्रॉटल. उजवीकडे चाकं वर घ्यायचा हातपंप. सुरुवातीच्या मार्क १ स्पिटफायरमध्ये उड्डाण झालं की वैमानिकानं थ्रॉटल सोडायचा, स्टिक डाव्या हातात घ्यायची आणि उजव्या हातानं पंप मारायचा. पंप मारताना डावा हातही नकळत हलायचा. नवख्यांची विमानं आकाशात डुचमळत वर जायची.

हा पंप दोन मिलिमीटरचा आहे. पण कॉकपिटमध्ये मी घडवलेल्या तीसेक भागांत मला तोच महत्त्वाचा वाटतो, कारण तिथं कोणाचा तरी हात आहे. रील्सवर दिसणाऱ्या बऱ्याच अपग्रेडशी माझं भांडण नेमकं इथं आहे. कौशल्य अफाट. पण तपशील भरायला जागा आहे म्हणून भरलेला, प्रत्येक पत्र्याची कडा काळी केलेली, विमान बुद्धिबळाच्या पटासारखं. आणि आतलं काम झाकलं जाऊ नये म्हणून सगळ्यात आधी काय काढून टाकतात? वैमानिक.

मीही काढला होता. मामाला फोटो पाठवला, तर त्याचा लगेच फोन. "छान आहे गं. वैमानिक कुठंय?"

तो बसवला, तर माझं चार महिन्यांचं काम दिसणार नव्हतं. शिवाय तो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला, पंपाशी त्याचा काही संबंधच नाही. हात वळवायचे तर खांद्यापासून कापावे लागणार, आणि त्यावर मामाचा रंग, मामानं काढलेले डोळे. मी घाबरत विचारलं.

"काप की," मामा म्हणाला. "पन्नास वर्षं मांडीवर हात ठेवून बसलाय. करू दे काहीतरी."

आता डावा हात स्टिकवर आहे, उजवा पंपावर, चाकं अर्धी वर. चेहऱ्याला हात लावला नाही. एक डोळा जरा मोठाच आहे. विमान मामाच्या हॉलमध्ये दोऱ्यानं टांगलंय, नाक किंचित वर. खालून आतलं काहीच दिसत नाही. पंखा लावला की ते थोडं डुचमळतं.