गौळणींतील दाण

तमाशांतील गौळण म्हणजे शृंगारी करमणूक, असें समजून आपले संशोधक ती वाचीत नाहींत आणि संग्राहक तिचीं बाडें घेत नाहींत. हा समज कसा सदोष आहे, तें येथें थोडक्यांत दाखवावयाचें आहे.

प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. गौळणी दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजारास निघतात. कृष्ण व पेंद्या वाट अडवून दाण मागतात. मावशी घासाघीस करते. रूपगोस्वामींच्या सोळाव्या शतकांतील ‘दानकेलिकौमुदी’ या संस्कृत भाणिकेंतहि कृष्ण जकातदार होतो. परंतु तेथें तूप यज्ञाकडे चाललेलें असतें व दाण हें प्रेमकलहाचें निमित्त असतें. मराठी फडांत माल बाजाराकडे चालतो आणि हंशा पिकतो तो हिशेबावर. कांहींहि न पिकवितां मध्येंच उभा राहून वाटा घेणारा हा कोण, असा तेथील प्रश्न आहे.

अहमदनगर (सांप्रत अहिल्यानगर) जिल्ह्यास हा प्रश्न पुस्तकी नव्हता. १८७५ सालीं पारनेर, श्रीगोंदें आदि तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें हिसकावून जाळलीं. पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ आला. पुढें सत्यशोधक जलशांनीं तमाशाचा सांगाडा घेतला, शृंगार टाकला आणि सावकार व कुळकर्णी यांस हास्यास्पद केलें. १९१० पासून याच जिल्ह्यांतून मुकुंदराव पाटलांचा ‘दीनमित्र’ त्या चळवळीचा पुरस्कार करीत असे. अण्णा भाऊ साठ्यांनीं तर आपल्या लोकनाट्यांतून गौळण वगळलीच.

या सुधारकांचा हेतु स्तुत्य होता. तथापि आमच्या मतें उपरोधाची धार येथें कमी झाली. रंगभूमीवरील सावकार आरंभापासूनच दुष्ट असतो. प्रेक्षक त्यास हंसून मोकळा होतो. गौळणींतील जकातदार मात्र लाडका आहे. त्याच्यासह आपण हंसतों आणि मग ध्यानांत येतें कीं मडकें रितें झालें. लुटणारा प्रिय असतो म्हणूनच लूट चालते, हें अर्थशास्त्र खतें जाळून संपणारें नव्हे.

यावर कोणी पुरावा मागेल, तर ती मागणी रास्त आहे. बाडांत पदें असतात. घासाघिशीचे संवाद फडकरी ऐन वेळीं रचीत, त्यामुळें ते सहसा लिहिले जात नसत. संगमनेरच्या अनंत फंदीचें (१७४४-१८१९) कवन हौसेनें जमविणाऱ्यांनीं वृद्ध फडकऱ्यांकडून हे संवादहि उतरवून घ्यावे. पद उरलें आणि हिशेब गेला, तर आपल्या संग्रहांत केवळ शृंगारच शिल्लक राहील.